वाकडी धार

शॉवरमधून पाणी खाली पडतं, असा एक सर्वसाधारण समज आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागातल्या शॉवरना तो मान्य नसतो. चार-पाच वर्षं मुरलेल्या तिथल्या एखाद्या शॉवरखाली उभं राहून वर पाहावं. जाळीतली निम्मी भोकं मिटलेली दिसतात, काही नुसती ठिबकत असतात आणि उरलेलं प्रत्येक भोक आपापल्या मताप्रमाणे पाणी सोडत असतं. एखादी धार भिंतीवर जाते, एखादी झरोक्याच्या काचेवर, आणि एक, सगळ्यात जोरकस, दाराजवळच्या खुंटीवरच्या कोरड्या टॉवेलवर. भोकाच्या एका कडेला क्षाराचा खडा धरला की उरलेल्या फटीतून पाण्याला तिरपं निसटावं लागतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण अंगाला साबण फासून डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला शास्त्र सुचत नाही. त्याला एवढंच कळतं की आपण कोरडे आहोत आणि टॉवेलाची अंघोळ चालली आहे.

अशाच एका घरातले एक गृहस्थ. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण वणी, मारेगाव, झरी-जामणी या पट्ट्यात असे गृहस्थ गल्लीगणिक सापडतात. घरातली सगळी मंडळी बादली आणि गडवा घेऊनच अंघोळ करत. शॉवर बसवला होता तो घर बांधताना, टाइल्सवाल्याच्या आग्रहाखातर. त्यानंतर त्याचा मुख्य उपयोग ओले मोजे वाळत घालण्यासाठी होत असे.

मग आला २०२३ चा अधिक श्रावण. १८ जुलै ते १६ ऑगस्ट, धोंड्याचा महिना. साधारण तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, अशी रीत. जावई पुण्याचा. खडकवासल्याच्या मऊ पाण्यावर वाढलेला. बाईसाहेबांनी अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजत घातले आणि न्हाणीघर गृहस्थांच्या अंगावर टाकलं.

“आवो, थो शावर तेवढा चालू करून ठेवा. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या डोक्यावर धोंडे नका पाडू.”

बोलण्यात थट्टा होती, पण भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनं वाक्य तंतोतंत खरं होतं. शॉवरमध्ये अडकतो तो मळ नसतो, गंजही नसतो. तो दगड असतो.

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे. पूर्वेकडे वणी, मुकुटबन, झरीकडे गेलं की त्या काळ्या पांघरुणाखालून चुनखडक डोकं वर काढतो. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा खडक डायनासोर जन्माला यायच्या कितीतरी आधी पाण्याखाली थराथरानं साचला. त्याच्याच जिवावर मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा आहे आणि वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या पेटल्या. राजूरचं नशीब असं, की भाजायला चुनखडक आणि भाजण्यासाठी कोळसा, दोन्ही दाराशी. भट्टीत दगड सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवायचा. शंभर किलो शुद्ध चुनखडकातून चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो आणि छप्पन्न किलो कळीचा चुना हाती लागतो. त्यावर पाणी मारलं की तो फसफसत, वाफा सोडत फुलतो. या फुललेल्या चुन्यानं भिंती रंगल्या, पानं रंगली आणि विदर्भात पन्नीत घोळला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्राही सजला. इतर ठिकाणी ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणूक. राजूरला तो प्रामाणिक धंदा.

आता हाच दगड न्हाणीघरात येतो कसा? पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आंबट होतं. तेवढ्या आंबटपणावर ते चुनखडक चाटत चाटत खाली जातं. खडक विरघळून पाण्यात मिसळतो, डोळ्यांना दिसत नाही. मग बोअरची मोटार सुरू होते, पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढतं, तिथून गिझरमध्ये उतरतं. पाणी तापलं की त्यातला वायू निघून जातो आणि विरघळलेला दगड पुन्हा दगड व्हायला निघतो. नळ बंद केल्यावर शॉवरच्या प्रत्येक भोकाशी एकेक थेंब लोंबकळत राहतो. पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थेंब. गुहांमध्ये छताला लोंबणारी चुन्याची झुंबरंही अशीच थेंबाथेंबानं वाढतात. फरक इतकाच की ती पाहायला लोक तिकीट काढतात.

गृहस्थांनी हिशेब मांडला असता तर त्यांना घाम फुटला असता. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चालतो आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत. समजा बोअरचं पाणी मधलं, ४०० चं आहे. शॉवरखालच्या एका अंघोळीला चाळीस लिटर पाणी लागलं तर त्यात सोळा ग्रॅम दगड वाहून जातो. महिनाभर रोज अंघोळ करणारा माणूस अंगावरून जवळजवळ अर्धा किलो चुनखडक ओघळू देतो. त्यातला बहुतेक मोरीत जातो. मागे राहतो तो चिमूटभर. पण शॉवरचं भोक असतंच केवढं!

बायकांना हे सगळं समीकरणाशिवाय माहीत असतं. त्यांची प्रयोगशाळा चुलीवर असते. तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत गळत नसेल तर पाणी जड. साबणाला फेस येत नसेल, केस धुतल्यावर चिकट राहत असतील, स्टीलच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरी साय धरत असेल, तर पाणी जड. अहवालाची वाट कोण बघतो?

गृहस्थांचा पहिला उपाय टाचणीचा होता. स्टुलावर चढून, मान मागे टाकून त्यांनी एकेक भोक टोचलं. खडे मोकळे झाले, पाणी सरळ पडलं आणि घरात आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी स्थिती पूर्ववत, किंबहुना दोन भोकं जास्तच बंद. कारण टाचणी खडा बाहेर काढत नाही, आत ढकलते. आत गेलेला खडा पाण्याच्या दाबाबरोबर परत येतो आणि या खेपेला आतून बूच मारतो.

मग बातमी शेजारी गेली, आणि शेजारी बातमी गेली की उपाय घरी येतात.

पहिल्या काकूंनी चिंच सांगितली. सल्ला निराधार नव्हता. घरातले तांब्या-पितळेचे गुंड आणि बंब पिढ्यान् पिढ्या चिंचेनंच लखलखत आले. चिंचेत टार्टरिक आम्ल असतं, ते चुन्याला भिडतं. गृहस्थांनी चिंचेचा कोळ पिशवीत घालून शॉवरच्या तोंडाला बांधला. तासाभरानं सोडला तेव्हा चुना थोडा सुटला होता आणि त्याच्या जागी चिंचेचे धागे जाऊन बसले होते. नळ सोडल्यावर न्हाणीघरात पहिल्यांदा सार पडलं.

समोरच्या घरून ताकाची सूचना आली. ताकात लॅक्टिक आम्ल असतं हे खरं, पण लोण्याचे कण आणि दह्याच्या गुठळ्याही असतात. त्या काय करतील याचा अंदाज एव्हाना गृहस्थांना आला होता. त्यांनी ताक पिऊन टाकलं.

लिंबाचं प्रकरण मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. विदर्भातल्या शेतकऱ्याला चुनखडीची जमीन म्हटलं की धडकी भरते, कारण संत्रं आणि लिंबू ही झाडं तिथं पिवळी पडतात. मुळांना लोह मिळत नाही, शिरा हिरव्या आणि पान फिक्कट, असं ते दुखणं. म्हणजे शेतात चुना लिंबाला मारतो. न्हाणीघरात लिंबू त्याचा सूड उगवू शकतं, पण सूड महाग पडतो. एका चांगल्या लिंबाच्या रसात दीडेक ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं, त्यात जेमतेम ग्रॅमभर चुना विरघळतो. शॉवरमध्ये दहा ग्रॅम खडे धरले तर दहा लिंबं लागणार. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर लिंबाचे भाव भडकल्याच्या बातम्या झाल्या होत्या. तेव्हापासून गृहस्थ लिंबाकडे जरा आदरानंच पाहत. त्यांनी दोन लिंबं पिळली. दोन लिंबांचं काम झालं. आठ लिंबांचं राहिलं.

तेवढ्यात सुट्टीवर आलेल्या भाच्यानं मोबाइलवर पाहून अंतिम उपाय जाहीर केला: व्हिनेगर आणि खायचा सोडा, दोन्ही एकत्र. व्हिनेगरची बाटली घरात होतीच. कोणीतरी एकदा मंचुरियन करायला आणून अर्धी ठेवली होती. गृहस्थांनी दुधाच्या पिशवीत व्हिनेगर ओतलं, त्यात दोन चमचे सोडा टाकला आणि पिशवी शॉवरला बांधायच्या आतच ती फसफसून त्यांच्या कोपरापर्यंत आली. बुडबुडे, फेस, आवाज! भाचा म्हणाला, “पाहा मामा, काम करून राह्यलं!”

काम चाललं होतं, पण शॉवरचं नाही. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना संपवत होते. दहा ग्रॅम सोडा चार टक्क्यांच्या सुमारे १८० मिलिलिटर व्हिनेगरचं आम्ल गिळून टाकतो. मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी, जे चुन्याचं काहीच वाकडं करत नाही. मांडवात दोन व्याही भांडावेत, वऱ्हाडानं टाळ्या पिटाव्यात आणि नवरदेव घोड्यावर तसाच बसून राहावा, तसा तो प्रकार. हा उपाय जगभर लोकप्रिय आहे तो केवळ फेसामुळे. काहीतरी उकळताना दिसलं की माणसाचं समाधान होतं.

नुसतं व्हिनेगर मात्र चुन्याशी खरोखर भांडतं, आणि ही कीर्ती फार जुनी आहे. इ. स. पूर्व २१८ मध्ये हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडत असताना वाटेत कडा आडवा आला, तेव्हा त्यानं दगड तापवून त्यावर आंबलेली दारू ओतली आणि तो फोडला, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. क्लिओपात्रानं पैजेखातर व्हिनेगरमध्ये मोती विरघळवून प्यायल्याची गोष्ट प्लिनीनं लिहून ठेवली आहे. मोतीही शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे इजिप्तच्या राणीनं जे चैन म्हणून केलं तेच वणीचे गृहस्थ जावयासाठी करत होते, फक्त प्यायले नाहीत.

व्हिनेगरची अडचण एकच, ते लवकर दमतं. एक ग्रॅम चुना विरघळवायला किराणा दुकानातल्या चार टक्क्यांच्या व्हिनेगरचे तीस मिलिलिटर लागतात. पिशवीत कपभर घातलं तर चारपाच ग्रॅमला पुरतं, मग नुसतं आंबट वासाचं पाणी. लोक त्याच पिशवीवर रात्रभर भरवसा ठेवून झोपतात. सकाळी चुना बराचसा जागेवर आणि शॉवरचा चकचकीत मुलामा मात्र काळवंडलेला. आम्लाला क्रोमच्या चिरेतून खालचं पितळ सापडलं की ते तिथेही हात मारतं.

प्लंबरलाही विचारून झालं. तोंडात खर्रा असल्यामुळे तो शक्य तितकं कमी बोलला. “ॲसिड मारा.” म्हणजे संडास धुवायचं, हायड्रोक्लोरिक. ते चुना मिनिटात संपवतं आणि त्याच झपाट्यानं मुलामाही. वर कोणी त्याच वेळी मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. इथे विनोद थांबतो.

खरं तर विनोद आणखी एका ठिकाणी थांबतो. शॉवरवरचा पांढरा थर दिसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध एवढी आघाडी उघडली जाते. पोटात गेला तर तो फारसं काही करत नाही. याच जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या काही गावांत मात्र बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. ते शॉवर बंद पाडत नाही, पातेल्याला साय धरू देत नाही, डाळही बिघडवत नाही. ते मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे ओढतं आणि पुढे हाडं ताठ करतं. त्यात भूजलाची खोड अशी, की कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड बऱ्याचदा त्याला धरून खाली बसतं, आणि फ्लोराइड जास्त सापडतं ते पुष्कळदा कमी कॅल्शियमच्या, मऊ वाटणाऱ्या पाण्यात. टाचणी घेऊन स्टुलावर चढायला तिथे काही सापडत नाही.

आणि पाणीच नसेल तेव्हा? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराला पाणी पाजणारी दोन्ही धरणं आटली. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येई आणि टँकरचा आवाज लोकांना झोपेतही ओळखू येऊ लागला. त्या उन्हाळ्यात शहरातल्या एकाही शॉवरची तक्रार कोणी केली असेल असं वाटत नाही.

तर गृहस्थ. जावई यायला एक दिवस उरला तेव्हा त्यांनी पिशव्या बांधणं सोडलं आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. शॉवरच्या मानेला जुनं फडकं गुंडाळलं, त्यावर पाना धरला आणि अख्खं तोंडच पिळून काढलं. आतलं रबरी वायसर टुणकन उडून मोरीच्या जाळीवर थांबलं. घरातली ही बहुधा पहिलीच गोष्ट, जी पडूनही हरवली नाही. किराणा दुकानातून लिंबूसताची पुडी आली. मिठासारखे खडे, स्वस्त आणि दमाला भारी. प्लास्टिकच्या डब्यात कोमट पाणी, त्यात तीन चमचे लिंबूसत आणि त्यात शॉवर पालथा.

अर्धा तास गृहस्थ डब्याजवळून हलले नाहीत. हा भाग मात्र खरंच पाहण्यासारखा असतो. आधी काहीच होत नाही. मग एका भोकाच्या कडेला राईएवढा बुडबुडा धरतो, मोठा होतो, सुटतो, त्याच्यामागून दुसरा. थोड्या वेळानं जाळीवरून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर चढायला लागतात आणि कान जवळ नेला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखी सरसर ऐकू येते. राजूरची भट्टी ९०० अंशांवर दगडातून जो वायू काढते, तोच इथे डब्यातून निघतो, तोही कोळशाशिवाय. पाणी गढूळ होतं. तळाशी पांढरी पूड बसते. ती सगळीच मूळ चुन्याची नसते. सायट्रिक आम्ल आणि चुना यांच्या भांडणातून कॅल्शियम सायट्रेट तयार होतं आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून डब्यातून काढल्यावर जुन्या टूथब्रशनं घासावं लागतं आणि मागच्या बाजूनं पाण्याचा जोराचा फवारा द्यावा लागतो, म्हणजे खडे आले त्या वाटेनं परत जातात.

शॉवर आपटून झटकला तेव्हा वर्तमानपत्रावर चमचाभर कपच्या पडल्या. पिवळट, अंड्याच्या टरफलासारख्या, एका बाजूनं गुळगुळीत. आजी कॉटवरून हे सगळं दोन दिवस पाहत होत्या. त्यांनी एक कपची चिमटीत धरली, नखानं खरवडली आणि पानाच्या डब्याकडे पाहिलं.

“हा चुना पानाले चालन का रे?”

“नाही आई, हा कच्चा आहे. भाजावा लागते.”

“मंग धाड ना राजूरले. भाजून आनतीन.” मग पुन्हा कपचीकडे बघत, “बंबातून आमी पसापसा काहाडत होतो. कोनाले दावला नाही.”

नळाच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळून शॉवर परत चढला. वायसर बसलं. सगळ्यांना दाराशी गोळा करून गृहस्थांनी चावी फिरवली आणि पाणी खाली पडलं. सरळ, भरगच्च, एकसारखं. बाईसाहेब अनारशाचं पीठ भरलेल्या हातांनी बघायला आल्या आणि “झालं बापा” म्हणून परत गेल्या. इतक्या घाईत गेल्या की डावीकडच्या शेवटच्या ओळीतलं एक भोक त्यांनी पाहिलं नाही. गृहस्थांनी पाहिलं होतं. त्यात टाचणीचं टोक मोडून बसलं होतं, ते स्टीलचं होतं आणि त्याला लिंबूसताची पर्वा नव्हती.

जावई आले. सकाळी अंघोळीला गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते सदरा अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय आणि हातात पिळलेला टॉवेल. जावई माणूस, काही बोलले नाहीत. “पाण्याला जोर चांगला आहे, मामाजी,” एवढंच म्हणाले.

दुपारी ते धोंडे खाऊन आडवे झाल्यावर न्हाणीघरातून हातोडीचे दोन ठोके ऐकू आले. गृहस्थांनी खुंटी समोरच्या भिंतीवर हलवली होती.